पुलावर चढायचं की खालून जायचं?

"पुलावर चढू नकोस," एवढं एकच वाक्य मावशी फोनवर दोनदा बोलली होती. मी चढलो. नवी मुंबईत नेरूळला एल. पी. नावाच्या थांब्यापाशी पुलाखालून वळायचं होतं. पण सायन-पनवेल हायवेवर एकदा चुकीच्या लेनमध्ये सापडलात की स्टिअरिंग नावाला आपल्या हातात राहतं, गाडी मागचे टेम्पोच हाकतात. एल. पी. खाली राहिलं, उरण फाटाही मागं पडला, तेव्हा आण्णा शांतपणे म्हणाले, "ते कोकण भवन न्हवं? आपन पनवेलला निगालोय का?"

निमित्त होतं धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकांचं. कराडहून आण्णा आणि मी दोघंच आलो होतो. तीन दिवस, नवी मुंबई आणि ठाणे मिळून बावीस घरं. आमचे निम्मे पाव्हणे वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी म्हणून आले आणि कोपरखैरणे-घणसोलीत राहिले. आण्णांचा गुडघा काही बावीस रिक्षांत चढ-उतार करणारा नाही. म्हणून सेल्फ ड्राइव्हची गाडी घ्यायचं ठरवलं.

फोनवर पहिला भेटला त्याचं भाडं फारच स्वस्त होतं. का, ते लगेच कळलं. गाडी पांढऱ्या पाटीची होती, म्हणजे खासगी. "पोलिसानं विचारलं तर मित्राची गाडी हाय म्हनायचं," हे त्यानं ज्या सहजतेनं सांगितलं त्यावरून हे वाक्य तो रोज सांगत असणार. भाड्यानं द्यायच्या सेल्फ ड्राइव्ह गाडीला काळी पाटी आणि त्यावर पिवळी अक्षरं असतात. त्यासाठी १९८९ची वेगळी योजना आहे आणि तिच्यात परवाना हवा तर किमान ५० गाड्या लागतात. एकदोन गाड्या बाळगणारे म्हणूनच पांढऱ्या पाटीवर धंदा करतात. खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही. धडक झाली की तो मित्रही नाही आणि विमा कंपनीही नाही. शेवटी जरा महाग पडली तरी काळ्या पाटीची घेतली. (परत देताना बंपरवरच्या जुन्या ओरखड्यावरून वाद झालाच. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचा व्हिडिओ काढला होता, म्हणून डिपॉझिट सुटलं. टपाचाही काढा.)

आता रस्त्यांचं. नकाशातल्या बाईला मी दोन दिवस शिव्या घातल्या, पण तिचा तसा दोष नाही. फोनला आपली जागा उपग्रहांवरून कळते ती काही मीटर इकडं-तिकडं. हायवे आणि सर्व्हिस रोड एवढ्याच अंतरावर असतात, आणि पूल तर खालच्या रस्त्याच्या बरोब्बर डोक्यावर. तिला दोन्ही मिळून एकच निळी रेघ. पुलाखाली शिरलं की वरचं काँक्रीट सिग्नल अडवतं, मग बाई गप्प तरी बसते नाहीतर भलतीकडं वळायला सांगते. पूल यायच्या आधी तसं सांगायची सोय अलीकडं आली आहे, पण सांगितलेलं ऐकून तीन लेन ओलांडायला वाहतुकीनं जागाही द्यायला हवी ना! जुलै २०२५ मध्ये बेलापूरला काय झालं ते आठवत असेल. रात्री उलव्याकडं निघालेली एक बाई नकाशा बघत खाडीपुलाऐवजी पुलाखालच्या रस्त्यानं गेली आणि ध्रुवतारा जेट्टीवरून गाडीसकट पाण्यात पडली. सागरी सुरक्षा पोलीस जवळच होते म्हणून वाचली. मावशीचं ते एक वाक्य मला नंतर कळलं ते असं. बेलापूरला मात्र ते उलटं सांगायला हवं होतं.

खरा राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि तिनं हे शहर वेगवेगळ्या नोडमध्ये, म्हणजे वाशी, नेरूळ अशा स्वतंत्र भागांत आखलं. प्रत्येक नोडनं आपले सेक्टर एकपासून मोजले. त्यामुळं सेक्टर १५ वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, बेलापुरात आहे, खारघरातही आहे. कागदावर हे फार नीटनेटकं आहे. पण तिथं राहणारा माणूस आपला नोड गृहीतच धरतो. "सेक्टर पंधराला ये, मग फोन कर." अरे, कुठल्या पंधराला? मग "थांब, लोकेशन टाकतो." ते लोकेशन पडतं बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवर, जिथं गेटच नाही. पत्ता सांगण्याची जबाबदारी आपण फोनवर टाकून मोकळे झालो आहोत. स्वतःच्या घरापर्यंतचा रस्ता चार वाक्यांत सांगता न येणारी माणसं मला त्या तीन दिवसांत बावीसपैकी सोळा घरांत भेटली. चांगली शिकलेली, आणि तीही आमचीच.

आण्णांचा तोडगा म्हणजे काच खाली करून विचारणं. "ओ पाव्हणं, हितं..." पण नवी मुंबईत या प्रश्नाला सगळ्यात जास्त मिळालेलं उत्तर होतं, "मी पण नवीन आहे."

सगळ्यात नीट पत्ता सांगितला तो भाऊतात्यांनी. पस्तीस वर्षं मार्केटमध्ये पाठीवर गोणी वाहिल्या त्यांनी. "कोपरखैरणं, तीन टाकी. टाक्या उजव्या हाताला ठिवायच्या, पुढं पिठाची गिरण लागंल, तितं गाडी लावायची, म्होरं गल्लीत जात न्हाई." नकाशा बंद करून गेलो आणि पहिल्या फटक्यात पोचलो. पुढच्या तीन घरांचे पत्तेही त्यांनीच पाकिटांच्या मागं लिहून दिले: नोड, सेक्टर, खूण आणि "पुलाखालून".

ठाण्यात जरा सोपं गेलं. तिथं नंबरांपेक्षा नाक्यांचं राज्य. तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी, माजिवडा, कापूरबावडी, मग घोडबंदर रोडला मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली. आण्णांनी हे एसटीच्या थांब्यांसारखं पाठ केलं आणि मेट्रोच्या खांबांमधून वाट काढताना मोठ्यानं म्हणत राहिले. ट्रॅफिक होतंच, पण चुकलो नाही. वाघबीळच्या एका टॉवरखाली मात्र वॉचमननं पाटीचा रंग बघून मलाच ड्रायव्हर समजून बाहेर थांबवलं. आण्णा वर गेले, त्यांनी पोहे खाल्ले आणि खाली येऊन मला सांगितलं की पोहे चांगले होते.

बावीसपैकी एकवीस पत्रिका पोचल्या. एक कराडला परत आली. पाकिटावर नुसतं "सेक्टर ८, नवी मुंबई" होतं आणि त्या दिवशी त्यांचा फोन लागत नव्हता. काल लागला. आण्णांनी विचारलं, "कुटल्या आठमधी ऱ्हातोस रं बाबा?"

"थांबा आण्णा," तिकडून आवाज आला, "लोकेशन टाकतो."