"डीएनए कधीच खोटं बोलत नाही" म्हणे!

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय, "डीएनए टेस्ट १०० टक्के खरी, कारण किट निर्जंतुक असतं, काम मशीन करतं, आणि मॅच आला की गुन्हेगार तोच." बरं, एकेक बघू.

किट निर्जंतुक असतं? असतं ना. पण निर्जंतुक म्हणजे जंतू मेले, डीएनए तिथेच चिकटून राहू शकतो. जर्मनीत हाइलब्रोनला २००७ मध्ये एका पोलीस बाईंना गोळी घातली, गाडीवर एका अनोळखी बाईचा डीएनए सापडला, आणि तोच डीएनए १९९३ च्या एका खुनापासून ते किरकोळ घरफोड्यांपर्यंत, जर्मनी-ऑस्ट्रिया-फ्रान्स मिळून ४० च्या आसपास ठिकाणी! ३ लाख युरोचं बक्षीस लावलं. मग २००९ मध्ये एका पुरुषाच्या जुन्या अर्जावरच्या बोटांच्या ठशांतून पण हीच बाई निघाली, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. स्वॅबचं, म्हणजे सँपल घ्यायच्या कापसाच्या काडीचं, पॅकिंग करणाऱ्या कामगार बाईचा डीएनए होता तो! म्हणून तर सँपलसोबत कोरा स्वॅब पण चालवतात, त्याला ब्लँक म्हणतात. पण सगळेच स्वॅब खराब नसतात, त्यामुळे एक ब्लँक स्वच्छ आला म्हणून सुटलो असंही नाही, दोष फॅक्टरीतच पकडावा लागतो. त्यासाठी २०१६ मध्ये आयएसओ १८३८५ हे स्टँडर्ड आलं.

काम मशीन करतं? पीसीआरमध्ये (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढायची पद्धत) ३० सायकलला एका तुकड्याचे हिशोबाने १०० कोटींवर तुकडे होतात, आणि तो तुकडा आरोपीचा की टेक्निशियनच्या शिंकेतला हे मशीनला काय माहीत! शिवाय तीन-चार जणांचा डीएनए मिसळला असेल तर ग्राफ वाचतो माणूसच. अमेरिकेतल्या एका बलात्काराच्या केसचा असाच मिक्स डेटा, केसची माहिती न देता, १७ तज्ज्ञांना दाखवला (२०११ चा अभ्यास आहे). मूळ लॅब म्हणाली होती की आरोपीचा डीएनए यात असू शकतो. १२ म्हणाले त्याचा यात नाही, ४ म्हणाले सांगता येत नाही, मूळ लॅबशी सहमत फक्त १. डेटा एकच हां!

आणि मॅच म्हणजे गुन्हेगार? आपल्याच सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीतल्या छावला केसमध्ये (२०१२ चा तरुणीवरचा सामूहिक बलात्कार आणि खून) फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना सोडलं, त्यावर लोक खूप भडकले, मीही. पण निकालात बाकी कारणांसोबत हेही आहे की सँपल लॅबला जाण्याआधी जवळपास दोन आठवडे पोलीस स्टेशनच्या मालखान्यात (मुद्देमाल ठेवायच्या खोलीत) पडून होते, आणि तज्ज्ञांनी टेस्टची पद्धत नीट वापरली का हे खालच्या कोर्टांनी तपासलंच नव्हतं. रिपोर्टवर मॅच होताच की.