शंभर पानं थांब म्हणे!

“पहिली शंभर पानं कशीतरी काढ गं, मग बघ पुस्तक कसं पकड घेतं!” हे वाक्य यापुढे मला कुणी ऐकवलं तर मी काय करेन ते मलाच माहीत नाही. शंभर पानं! सांगायचं आहे ते एकशेएकाव्या पानावर सुरू होत असेल तर आधीची शंभर छापली कशाला? हा प्रश्न कुणी लेखकाला विचारत नाही, संपादकाला विचारत नाही, प्रकाशकाला तर नाहीच नाही. विचारतात मला. “अर्धवट का सोडलंस?” आवाज असा, की मी कुणाला भर रस्त्यात सोडून पळून आलेय.

बरं, काढली शंभर पानं. दात-ओठ खात काढली. मग कळतं की मुदत वाढली आहे. “अगं, तो भाऊ परत येतो ना, तिथून खरी मजा आहे.” भाऊ कधी येतो? दोनशे चाळीसाव्या पानावर. तोवर मी काय करू? तोवर पावसाचं वर्णन वाचू. पाऊस, मग ओली खिडकी, मग ओल्या खिडकीतून दिसणारा पाऊस.

आणि खरी चीड या पानांची नाहीच. खरी चीड वेगळीच आहे. पुस्तक आवडलं असं म्हणायला काही म्हणजे काही लागत नाही. पहिलं प्रकरण वाचा, मुखपृष्ठाचा फोटो काढा, ‘अप्रतिम! संग्राह्य!’ असं खाली लिहा, बदाम पडायला लागतात. “ताई, पूर्ण वाचलंत का?” असं एक जण विचारत नाही. मलपृष्ठावर ‘हातातून खाली ठेववत नाही’ छापून आणणाऱ्याने स्वतः ते किती वेळा खाली ठेवलं, याची चौकशी कधी झाली आहे का? पण ‘मला रटाळ वाटलं, सोडून दिलं’ एवढे पाच शब्द उच्चारा, की उलटतपासणी सुरू. पूर्ण वाचलंस? कितव्या पानापर्यंत? मूळ भाषेतलं की अनुवाद? कुणाचा अनुवाद? अच्छा, मग बरोबर आहे, तू पूर्ण वाचलंच नाहीस तर तुला बोलायचा अधिकार काय!

म्हणजे स्तुतीला पहिलं पान पुरतं आणि निंदेला शेवटचं पान लागतं. हा कुठला न्याय?

१७७३ साली डॉ. सॅम्युअल जॉन्सनला एकाने असंच पेचात पकडलं होतं. हा जॉन्सन म्हणजे इंग्रजीचा अख्खा शब्दकोश रचणारा माणूस. त्याला वाचनाची आवड नाही म्हणायची कुणाची छाती होणार नाही. एका गाजत असलेल्या नव्या पुस्तकाबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, चाळलंय. समोरचा म्हणतो, काय सांगता, पूर्ण नाही वाचलंत? जॉन्सन उखडलाच. नाही वाचलं, तुम्ही काय पुस्तकं पूर्ण वाचता की काय! त्याचा मित्र बॉस्वेल याने जॉन्सनच्या चरित्रात हे लिहून ठेवलं म्हणून मला रात्री झोप लागते. पण अडीचशे वर्षं झाली तरी तो समोरचा माणूस मेलेला नाही. माझ्या ओळखीपाळखीतल्या निम्म्या लोकांच्या अंगात तो आहे.

“पूर्ण वाचलं असतंस तर मत बदललं असतं.” हे आणखी एक. का बदललं असतं? इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वूल्फ १९२२ च्या ऑगस्टमध्ये जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी वाचत होती. दोनशे पानं झाल्यावर तिने रोजनिशीत लिहिलं की पहिली दोन-तीन प्रकरणं आवडली, पुढे नुसता गोंधळ, कंटाळा आणि वैताग. तरी बाईने नेटाने सप्टेंबरात पुस्तक संपवलं. मग झाला का साक्षात्कार? छे. नेम चुकलेलं पुस्तक, हेच तिचं मत. आता तिला कोण सांगणार की बाई गं, तुझी पातळी कमी पडली? सांगून बघा.

मला मात्र सर्रास सांगतात. पुस्तक आवडलं नाही म्हटलं की लोक पुस्तकाबद्दल बोलायचं सोडून माझं निदान करायला बसतात. चुकीच्या वयात वाचलंस. घाईत वाचलंस. मनःस्थिती नव्हती तुझी. मोबाइलमुळे तुमची एकाग्रताच गेली आहे. त्या काळाच्या संदर्भात वाचायला हवं होतं. पुन्हा वाच, मग उलगडेल. माझं वय, माझा काळ, माझा मोबाइल, माझं डोकं, सगळं तपासून होतं. फक्त तिसऱ्या प्रकरणात एकाच माणसाचं नाव दोन वेगवेगळ्या प्रकारे छापलंय, इकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी मोबाइलवर वेळ घालवते, मान्य. म्हणून त्या कादंबरीतली सगळी माणसं, आजीपासून सहा वर्षांच्या पोरापर्यंत, लेखकाच्याच आवाजात व्याख्यान देतात, हे माझ्या मोबाइलमुळे होतं का?

आणि त्या पात्रांच्या याद्या! पहिल्या दोन पानांत पंधरा नावं, त्यातली चार एकाच अक्षराने सुरू होणारी. मग नायक आरशात बघणार, म्हणजे आपल्याला त्याच्या नाकाचा आकार कळणार. मग स्वप्न. तिरक्या अक्षरांत छापलेलं, चार पानी, प्रतीकांनी ठासून भरलेलं स्वप्न. दुसऱ्यांची स्वप्नं प्रत्यक्षात ऐकताना आपण ‘हो का’ म्हणून विषय बदलतो, पण पुस्तकात आली की ती म्हणे खोल असतात. अनुवादांचं तर बोलूच नका. काही वाक्यं अशी की क्रियापदापाशी पोचेपर्यंत कर्ता कोण होता ते विसरायला होतं, मागे जाऊन बघावं तर कर्ता सापडतो पण आता कर्म हरवलेलं असतं.

पण कादंबऱ्या परवडल्या. आयुष्य सुधारणारी पुस्तकं! एक विचार असतो. चांगला असतो कधीकधी, नाही म्हणत नाही. चार पानांचा लेख झाला असता, झकास झाला असता. त्याची अडीचशे पानं करतात. प्रस्तावनेत तो विचार सांगतात. पहिल्या प्रकरणात, तो विचार आपण पुढे बघणार आहोत असं सांगतात. दुसऱ्यात एका दमलेल्या कंपनी-अधिकाऱ्याची गोष्ट, ज्याला तो विचार कळला. तिसऱ्यात खेळाडू, त्यालाही तोच कळला. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चौकट, त्या चौकटीत आत्ताच वाचलेलं पुन्हा. आणि शेवटच्या प्रकरणाचं नाव काहीतरी ‘आता सुरुवात तुमच्यापासून’. अहो, माझी सुरुवात कधीच झाली होती, तुमचा शेवट होत नव्हता.

हा फुगवटा आपोआप येत नाही, त्यामागे पैसा असतो आणि तो पहिल्यापासून आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्या तीन-तीन खंडांच्या का असायच्या? म्यूडीसारखी वर्गणी घेऊन पुस्तकं फिरवणारी ग्रंथालयं जोरात होती. तीन खंड म्हणजे एकच कादंबरी एका वेळी तिघांना देता येते. मग लेखकांनी गोष्ट तीन खंडांना पुरेल इतकी ताणायची. १८९४ मध्ये या ग्रंथालयांनीच तीन खंड परवडत नाहीत म्हणून हात वर केले आणि बघता बघता कादंबऱ्या एका खंडात मावायला लागल्या! आजचं बघायचं तर २०१५ पासून किंडल अनलिमिटेड या ॲमेझॉनच्या वर्गणीवर ई-पुस्तकं वाचायच्या योजनेत लेखकांना वाचलेल्या पानांच्या हिशोबाने पैसे मिळू लागले. झालं, काही बहाद्दरांनी एकाच ई-पुस्तकात जुनी पुस्तकं, जादा मजकूर, वाट्टेल ते कोंबून पानं वाढवायला घेतली. म्हणजे पानं वाढवण्यात कुणाचा ना कुणाचा फायदा असतो, आणि ती पानं मी उलटली नाहीत की चिकाटी माझ्यात नाही!

इथे कुणीतरी हमखास म्हणणार, तुला सोपंच वाचायचं असतं. अजिबात नाही. अवघड आणि कंटाळवाणं यातला फरक मला कळतो. ‘मोबी डिक’ या देवमाशाच्या शिकारीवरच्या कादंबरीत देवमाशांचं वर्गीकरण करणारं एक आख्खं प्रकरण आहे, त्यात मासे पुस्तकांच्या आकारांप्रमाणे लावले आहेत, फोलिओ, ऑक्टाव्हो असे. गोष्ट तिथे ठप्प होते. मी ते हसत वाचलं, कारण लिहिणारा माणूस त्या विषयाने झपाटलेला आहे हे ओळीओळीत दिसतं. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये एका वाचकगटाने १९९५ साली ‘फिनेगन्स वेक’ हे जॉइसचंच महाअवघड पुस्तक वाचायला घेतलं आणि २०२३ मध्ये संपवलं. अठ्ठावीस वर्षं! महिन्याला पान-दोन पानं. संपल्यावर पहिल्या पानापासून पुन्हा सुरू. त्यांना माझा दंडवत. त्यांना त्यात मजा येत होती म्हणून ते दर महिन्याला जमत होते. माझ्या डोक्यावर उभं राहून ‘अजून जरा वाच’ म्हणणारे लोक हे नव्हेत.

आणि आपलंच मन काही कमी छळत नाही. विकत घेतलंय, इतकं वाचून झालंय, आता सोडायचं कसं? १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या दोघांनी नाटकांच्या हंगामी तिकिटांवर एक प्रयोग केला. काहींना पूर्ण किमतीत तिकिटं दिली, काहींना सवलतीत. पूर्ण पैसे भरलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना गेले. नाटकं सगळ्यांना तीच होती, फरक फक्त खिशातून गेलेल्या पैशाचा. तसंच आपण पुस्तकाशी करतो. पैसे परत येणार नाहीत, गेलेल्या संध्याकाळी परत येणार नाहीत, तरी त्यांच्यापायी आणखी संध्याकाळी घालवायच्या. त्यात वर्षभरात इतकी पुस्तकं वाचणार असे जाहीर संकल्प. अर्धवट पुस्तक यादीत धरत नाहीत! सहाशे पानांतली चारशे वाचून सोडलेलं शून्य, आणि ऐंशी पानांचं चोपडं एक. मग माणसं काय करतात? शेवटची दोनशे पानं डोळ्यांखालून नुसती ढकलतात आणि ‘पूर्ण’वर टिचकी मारतात. याला वाचन म्हणायचं?

नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल बाई आहेत, त्यांचा हिशोब मला पटतो. पन्नास पानं द्या, नाही जमलं तर सोडा. आणि पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून वय वजा करा, जेवढं उरेल तेवढीच पानं द्या. सत्तरीच्या माणसाने तीस पानांत निकाल लावायचा. किती शहाणी बाई! मला शंभर पानांचा उपदेश करणाऱ्यांना मी हे ऐकवलं तर म्हणाले, हे पळपुटं आहे.

पळपुटं म्हणे. २०१४ मध्ये जॉर्डन एलेनबर्ग या गणितज्ञाने गंमत म्हणून एक मोजमाप काढलं. किंडलवर लोकांनी सर्वांत जास्त अधोरेखित केलेली पाच वाक्यं पुस्तकाच्या सरासरी किती टक्क्यांवर येतात ते बघायचं. सगळी सुरुवातीलाच सापडली तर समजायचं की मंडळी पुढे गेलेलीच नाहीत. शास्त्रशुद्ध नाही हे त्यानेच सांगून टाकलं होतं. पण हॉकिंगच्या ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’चा आकडा आला ६.६ टक्के, आणि त्या वर्षी जो तो मिरवत होता त्या अर्थतज्ज्ञ पिकेटीच्या ‘कॅपिटल’चा २.४ टक्के. २.४! जवळजवळ सातशे पानांचं पुस्तक आहे ते! मग ती सगळी चर्चा, ती सगळी ‘डोळे उघडणारं पुस्तक’ वगैरे भाषा कुठून आली होती? माझी खात्री आहे, ‘पूर्ण वाच’ म्हणणाऱ्यांतले अर्धे याच २.४ टक्क्यांवर अडकलेले आहेत. एकीला मी सरळ विचारलं, तुला एवढं आवडलंय ना, मग शेवटी काय होतं ते सांग, म्हणजे माझी सुटका. तर म्हणते, “नीटसं आठवत नाही गं, पण शेवट जबरदस्त आहे.”

सगळ्यात कहर म्हणजे भेट मिळालेली पुस्तकं. पहिल्या पानावर ‘वाचून नक्की कळव’ असं शाईने लिहिलेलं. ही भेट आहे की गृहपाठ? दर भेटीत विचारणा. झालं का वाचून? कुठपर्यंत आलीस? आवडतंय ना? आता मात्र मी ठरवलंय, पुस्तक परत करणार. अगदी प्रेमाने, कव्हर घालून. जिथे थांबले तिथला कोपरा दुमडलेला आहे, तो तसाच राहू दे. आणि मला वाटतं त्यानंतरची पानं अजून कुणी उघडलेलीच नाहीत, दोन-तीन तर कडेला एकमेकांना चिकटलेली आहेत. देणाऱ्याने आधी ती सोडवावीत, मग माझी चौकशी करावी.