अण्णा, आडनाव सांगितल्याने कॅनडात कुणी आत जात नाही

रविवारी सकाळी अण्णांचा मेसेज आला. अण्णा म्हणजे माझे थोरले आतेभाऊ, साताऱ्याला असतात. फॉरवर्डच्या खाली त्यांची स्वतःची एक ओळ होती: 'पोरीला वाचून दाखव. नसती भानगड नको.' पोरगी म्हणजे त्यांची धाकटी, सध्या कॅनडात, ऑन्टारियो प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला शिकतेय.

मूळ मेसेज मला एव्हाना चार ग्रुपांवर येऊन गेला होता. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 'कॅनडातील हिंदूंनो सावधान! ऑन्टारियोच्या मानवी हक्क आयोगाने जातीचा नवा कायदा केला आहे. आडनाव सांगितले तरी अटक. घरमालकाला भाडेकरू निवडता येणार नाही. वधू-वर मेळावे बंद होणार. खोट्या तक्रारीवर लाखो डॉलर मिळतात. तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याचा व्हिसाही रद्द होतो.' म्हणजे तक्रार करणारा एकाच वेळी लखपतीही होतो आणि देशाबाहेरही जातो. लिहिणाऱ्याने निदान एकदा वाचून तरी पाठवायचं.

आधी त्या 'नव्या कायद्या'चं. कायदा करणं हे विधानसभेचं काम, आयोगाचं नाही. ऑन्टारियोचा मानवी हक्क कायदा १९६२ चा, अण्णांच्या जन्माआधीचा. आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपली भूमिका तेवढी लेखी जाहीर केली, की जातीवरून केलेला भेदभाव या जुन्या कायद्यातच बसतो. वंशपरंपरा, धर्मश्रद्धा, वांशिक मूळ, मूळ ठिकाण हे शब्द कायद्यात आहेतच, आणि जात माणसाला यांच्याच वाटेने चिकटते. त्याच वर्षी मार्चमध्ये टोरंटोच्या शाळा मंडळाने हा प्रश्न आयोगाकडे नेला होता. आयोगाचा तो कागद सगळ्यांसाठी खुला आहे आणि इंग्रजी कळणाऱ्याला चहा संपेपर्यंत वाचून होतो. पण फॉरवर्ड करायला त्याहून कमी वेळ लागतो.

मुळात हा आयोग आला कशातून? टोरंटोपासून तीनेक तासांवर ड्रेस्डेन नावाचं लहानसं गाव आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळून आलेली काळी माणसं त्या भागात वसली. त्यांच्या पुढच्या पिढ्यांना गावातल्या केज कॅफेत बसून खाता येत नव्हतं. १९४९ मध्ये गावाने चक्क मतदान घेतलं, की असा भेदभाव बंद करायचा का? १०८ जण 'हो' म्हणाले, ५१७ 'नाही'. ह्यू बर्नेट नावाचा एक सुतार आणि त्याचे साथीदार तरी मागे लागून राहिले आणि १९५४ मध्ये प्रांताला असा भेदभाव बंद करणारा कायदा करावा लागला. कॅफेवाला त्यानंतरही ऐकत नव्हता. पुढे १९६१ मध्ये आयोग आला. ज्यांच्या आजोबांनी वेगळी कपबशी धुऊन उलटी ठेवली असेल त्यांना ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही.

अटक? या प्रकरणात पोलीस येतच नाहीत. तक्रारीचा निवाडा ट्रायब्युनल, म्हणजे मानवी हक्कांचं न्यायाधिकरण करतं. ते भरपाई देववतं, नियम बदलायला लावतं. आडनाव सांगा, गाव सांगा, कुळाचार सांगा. त्यावरून कुणाची नोकरी, खोली किंवा बढती अडवलीत, तर प्रश्न येतो.

आता व्हिसा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. व्हिसा देणं-काढणं ओटावातल्या केंद्र सरकारच्या हातात, ट्रायब्युनल प्रांताचं. कायद्यातली हक्कांची वाक्यं 'प्रत्येक व्यक्तीला' अशी सुरू होतात, 'प्रत्येक नागरिकाला' अशी नाहीत. शिवाय तक्रार केली म्हणून सूड उगवायलाही त्याच कायद्यात मनाई आहे, कलम ८.

व्हिसाचं मला एवढं का पडलंय हे अण्णांना ठाऊक नाही, कारण पोरीने त्यांना ऑगस्टमधली गोष्ट सांगितलीच नाही. तिला एक बेसमेंट मिळत होतं. दार वेगळं, स्वयंपाकघर वेगळं. मालक मराठीच. फोनवर ठरलं, मग मेसेज सुरू झाले. मी ते तिच्या फोनवर वाचले. 'पूर्ण नाव?' तिने दिलं. 'म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?' तिने गाव सांगितलं. 'नाही, तुमच्यात म्हणजे... कोण तुम्ही?' तिने सरळ सांगितलं. मग तीन दिवस काही नाही आणि चौथ्या दिवशी 'सॉरी बेटा, खोली गेली.' जाहिरात जागच्या जागी होती. 'बेटा' मला जास्त लागलं.

आणि अण्णा, हे सोसलेल्या पोरीला तुम्ही तो मेसेज वाचून दाखवायला सांगताय.

घरमालकाबद्दल मेसेजमध्ये म्हटलंय त्याचं दुसरं टोक मात्र खरं निघतं, आणि तेही माझ्या विरुद्ध जाणारं. मालक किंवा त्याचं कुटुंब त्याच घरात राहत असेल आणि भाडेकरूला त्यांच्याबरोबर स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर वाटून घ्यावं लागत असेल, तर कलम २१ मालकाला सूट देतं. म्हणजे नेमकं आपल्या लोकांचा जीव जिथे अडकतो तिथे, चुलीपाशी, कायदाही थांबतो. मला हे पटत नाही, पण आहे हे असं आहे. पोरीचं बेसमेंट त्यात बसत नाही, स्वयंपाकघर स्वतंत्र होतं.

आणखी एक कबूल करतो. आयोगाकडे अर्ज घेऊन गेलात तर ते तुम्हाला दुसरीकडे धाडतील. २००८ पासून वैयक्तिक तक्रारी थेट ट्रायब्युनलकडे जातात, आयोग धोरणं आणि सार्वजनिक चौकश्या बघतो. ट्रायब्युनल झटपट निकाल देतं असंही नाही.

लाखो डॉलरचं एका ओळीत उरकतो. शेजारच्या नव्हे, पार दुसऱ्या टोकाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२३ मध्ये अशा एका प्रकरणाचा निकाल लागला. टॅक्सी कंपनीची पार्टी, दोन्ही बाजू पंजाबी, जातीवरून शिव्या. भरपाई दहा हजार डॉलरच्या आत.

वधू-वर मेळावे? कायदा नोकरी, घर, सेवा, करार आणि कामगार संघटना एवढ्यांपुरता आहे. लग्न कुणाशी करावं हे त्यात नाही. मेळावे भरवा, उपमा खा.

अर्जाला घटनेपासून एक वर्षाची मुदत असते. ते मेसेज पोरीने सांभाळून ठेवलेत, जाहिरातीचेही फोटो काढलेत. अर्ज करायचा की नाही हे तिचं ती ठरवेल, मी तिला फक्त तारीख सांगितली. काल रात्री तिने मला पुन्हा ती जाहिरात दाखवली. खोली अजून रिकामीच आहे, भाडं पन्नास डॉलरने उतरलंय.