आईच्या गोळ्या, मामाचा डोळा

आमच्या घरात दीड वर्ष एक उलटा कारभार चालला होता. जिला डोळ्यांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा काडीचा उपयोग नव्हता, ती त्या न चुकता घेत होती. आणि ज्याला खरंच हव्या होत्या, त्याने "सगळी लुबाडणूक आहे" म्हणत सोडून दिल्या होत्या. ती म्हणजे आई. तो म्हणजे तिचा थोरला भाऊ, आमचा नानामामा.

आईला मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तारीखही मिळत होती. तेवढ्यात भजनी मंडळातल्या एका बाईंनी पाकीट हातात ठेवलं, "आधी सहा महिने ह्या घेऊन बघा." सहा महिन्यांचं दीड वर्ष झालं. दादर स्टेशनबाहेरच्या केमिस्टकडे मीच जात होते, त्यामुळे दोष माझाही. एकदा त्याला विचारलं, ह्याने मोतीबिंदू कमी होतो का? तो म्हणाला, "मॅडम, डोळ्यांनाच चांगल्या आहेत." ह्या "चांगल्या"वर सगळा धंदा चालतो.

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंगच गढूळ होतं. अंडं एकदा उकडलं की पांढरा भाग परत पातळ होतो का? हेही तसंच. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने हजारो लोकांवर वर्षानुवर्षं प्रयोग केला, 'एरेड्स' नावाचा. त्याचे निष्कर्ष 2001 साली आले. व्हिटॅमिन सी, ई आणि बीटा कॅरोटीन (गाजराला रंग देणारा घटक) यांच्या भरपूर मात्रेने मोतीबिंदूला काहीही फरक पडला नाही. आईचा मात्र दीड वर्षात चांगलाच पिकला. डॉक्टर जरा वैतागूनच म्हणाले, "आजी, पिकायची वाट बघायचे दिवस गेले. टणक झाला की काढायला आम्हालाच त्रास."

आता मामा. लालबागला राहतो, वय 76. गेल्या वर्षी त्याने ग्रिलवाल्याला घरी बोलावून झापलं, खिडकीचे गज वाकडे बसवलेत म्हणून. तो बिचारा ओळंबा लावून दाखवतोय, गज सरळ आहेत, आणि मामा ऐकायला तयार नाही. मग मामीने त्याला एकेक डोळा झाकून बघायला लावलं. उजव्या डोळ्याने गज लाटेसारखे, डाव्याने सरळ. बसच्या पाटीवर उजव्याने बघितलं की कडेची अक्षरं दिसायची आणि मधला नंबर गायब. मोतीबिंदू नव्हता तो. डोळ्याच्या पडद्याचा नेमका मधला भाग, ज्याला मॅक्युला म्हणतात, तो वयामुळे बिघडला होता. उजव्या डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. डावा मधल्या टप्प्यावर होता आणि गोळ्या त्या डाव्यासाठी लिहून दिल्या होत्या.

तर त्याच एरेड्समध्ये, मामासारख्या लोकांत, म्हणजे आजार मधल्या टप्प्यावर आहे किंवा एक डोळा आधीच बिघडलाय अशांत, नुसती खोटी गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी 28 जणांचा आजार पाच वर्षांत शेवटच्या टप्प्याला गेला. व्हिटॅमिन आणि झिंक दोन्ही घेणाऱ्यांत 20 जणांचा. गेलेली नजर कुणाची परत आली नाही. पण शंभरातले आठ वाचले, आणि त्या आठांत आपण असू शकतो. ज्यांना आजार नव्हताच किंवा अगदी सुरुवातीचा होता, त्यांना काही फायदा दिसला नाही. म्हणजे चाळिशीत "आत्तापासूनच सुरू करते" म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, ते पैसे पापलेटवर घाला.

मामाने सोडल्या कारण त्याला कुणीतरी व्हिडिओ पाठवला, 'व्हिटॅमिन म्हणजे महागडी लघवी'. पुष्कळदा ते खरंही असतं. पण मामा त्या पुष्कळांत नाही. माझा राग ह्याच्यावर आहे. विकणारा सगळ्यांना घ्या म्हणतो, हुशार माणूस सगळ्यांना सोडा म्हणतो, आणि कुठला आजार, कुठला टप्पा, हे दोघांपैकी एकही विचारत नाही.

पालेभाज्यांवाले आता कॉमेंटमध्ये येतील म्हणून आधीच सांगते. पालक, माठ, अंड्यातला पिवळा बलक, सगळं खा, डोळ्याच्या पडद्यात असतं ते ल्युटीन नावाचं पिवळं रंगद्रव्य त्यातूनच मिळतं. झिंक कालवांत भरपूर, हे ऐकल्यावर मामा म्हणाला, "मग गोळी कशाला, सिटीलाइटवरून कालवंच आण." पण प्रयोगात रोज 80 मिलिग्रॅम झिंक आणि 400 युनिट ई होतं. तेवढं रोजच्या ताटातून येत नाही. ते औषधाच्या मात्रेचं काम आहे, इतक्या झिंकने शरीरातलं तांबं कमी होतं म्हणून गोळीत तांबंही घालावं लागतं.

मामा आता परत घेतोय. फ्रिजवर चौकटी-चौकटींचा कागद चिकटवलाय, मध्ये काळा ठिपका. सकाळी चहाआधी चष्मा लावून उजव्या डोळ्यावर तळहात ठेवतो आणि डाव्याने ठिपक्याकडे बघतो. एक रेघ जरी वाकली तरी त्याच दिवशी डॉक्टर. आईचं ऑपरेशनही झालं.

तिच्या तीन पट्ट्या शिल्लक होत्या. आमच्या घरात काही वाया जात नाही, आई म्हणाली, नानाला दे. मी पहिल्यांदाच पाकीट उलटं करून नीट वाचलं. सोळा-सतरा घटक, बरेचसे चिमूटभर. एका कोपऱ्यात 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. आणि यादीत बीटा कॅरोटीन. मामाने तीस वर्षं सिगारेट ओढलीय, सोडून दहा वर्षं झाली. 2013 मध्ये ह्याच प्रयोगाचा दुसरा भाग आला, त्यात बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर जवळपास दुपटीने दिसला, आणि ते बहुतेक सगळे सिगारेट सोडलेले. म्हणून नव्या फॉर्म्युल्यात त्याच्या जागी ल्युटीन आणि त्याचंच भावंड झियाझँथिन आहे. गाजराला कुणी घाबरू नका, प्रश्न गोळीतल्या मात्रेचा आहे.

मामाला त्या दिल्या नाहीत. आईला टाकवत नाहीत. तिन्ही पट्ट्या अजून देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये आहेत, वातींच्या पुड्याशेजारी.