सोंडे कुठून येतात हे विचारू नका

एप्रिल संपत आला की आईला वर्षाचं धान्य भरायचे वेध लागतात. आम्ही डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहतो, वाणी बिल्डिंगखालीच आहे, ॲपवाला चहा उकळायच्या आत तूरडाळ आणून देतो, हे सगळं तिला मान्य आहे, पण "आणि पावसाळ्यात?" एवढं विचारून ती गप्प बसते आणि मग 50 किलोचा सिहोर गव्हाचा कट्टा, इंद्रायणी, डाळी, मूग, मटकी सगळं हॉलमध्ये येऊन पडतं आणि आम्ही पुढचे काही दिवस कट्ट्यावर बसून टीव्ही बघतो.

धान्याला आधी कडक ऊन द्यायचं, कारण ओल राहिली की कीड आलीच. ऊन गच्चीवर, गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरींचं म्हणणं वॉटरप्रूफिंग केलंय, वाळवणं घालायची नाहीत. आई त्यांच्याशी वाद घालत नाही, ती त्यांच्या मिसेसना कुरडयांचा डबा देऊन येते आणि येताना किल्ली घेऊन येते. मग कबुतरं हाकलायला माझी नेमणूक होते. टोपी, लॅपटॉप, हेडफोन, मध्येच "हाड् हाड्". मॅनेजरने विचारलं, गावी गेलायस का?

खरी मजा डबे भरताना. आई म्हणते गव्हात बिब्बे आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला, शेजारच्या काकू म्हणतात तूरडाळीला एरंडेल चोळा, वाणी पाऱ्याच्या गोळ्या फडक्यात बांधून देतो, कोणीतरी तांदळाला बोरिक पावडर सुचवतं (ती आम्ही नाही लावत, चोळून चोळून धुवायची कोणी?) आणि बायकोचा या कशावरच विश्वास नाही, तिचा फक्त फ्रीझरवर. आई कोणालाच नाराज करत नाही. बिब्बेही घालते, पालाही घालते, वर लवंगा टाकते. गव्हाचा डबा उघडला की आयुर्वेदिक दवाखान्यासारखा वास येतो.

एवढं करून जुलैत सोंडे होतातच, आणि मग घरात चौकशी बसते, झाकण कोणी उघडं ठेवलं, ओला हात कोणी घातला. मी यावर जरा वाचलं तर कळलं की बऱ्याचदा ते दुकानातूनच आलेले असतात. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून भोक व्यवस्थित बुजवते, अळी आतल्या आत दाणा खात वाढते आणि उबदार हवेत महिन्याभरात तयार सोंडा बाहेर. म्हणजे आपण एअरटाइट डबा घट्ट लावतो तेव्हा चोर आधीच आत बसलेला असतो. हे मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तरी झाकण तूच उघडं ठेवलं होतंस."

त्यातही सोंडा महानाटकी, परातीत हलवला की पाय आखडून मेल्यासारखा पडून राहतो, आपण चष्मा शोधून येईपर्यंत कडेला पोचलेला असतो. मुगाचा भुंगा मात्र वेगळा प्रकार. अंडी दाण्यावर बाहेरच चिकटवतो, पांढरे ठिपके दिसतात, आणि मोठा झाल्यावर साठवणीतला हा भुंगा काहीच खात नाही, लग्न करतो, अंडी घालतो, मरतो. इतक्या विरक्त प्राण्याने आमच्या मुगाची चाळण करावी याचं जास्त वाईट वाटतं.

एका गोष्टीत मात्र विनोद नाही. गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी कितीही खात्रीने दिल्या तरी घरात आणायच्या नाहीत, त्यातून सुटणारा वायू माणसालाही मारतो. त्यापेक्षा सोंडे परवडले, चाळणीत तरी येतात.

रव्याला जाळी धरायला लागल्यापासून तो बायकोच्या ताब्यात आहे. उणे 18 डिग्रीला चार-पाच दिवस ठेवला की अंडीसुद्धा मरतात हे तिचं बरोबरच आहे, पण आता रव्यामागून मैदा, बेसन आणि शेंगदाणेही आत गेलेत आणि तिथून बाहेर यायचं नाव घेत नाहीत. परवा पाहुणे आले म्हणून आइस्क्रीमचा फॅमिली पॅक आणला. तो ठेवायला जागा नव्हती, म्हणून पाहुण्यांना जेवणाआधीच आइस्क्रीम दिलं, आणि आई त्यांना विचारत होती, तुमच्याकडे गहू भरून झाला का?