कांदोळीच्या गॅरेज डोअरबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

आपण एक स्टार दिलात. रात्री वीज गेली, फोनवर सांगितल्याप्रमाणे लाल दोरी ओढली, तरी दार उचलेना. दुसऱ्या दिवशी आलेल्या आमच्या मेकॅनिकने मोटरचा जोर वाढवायला नकार दिला आणि वर व्हिजिटचे पैसे घेतले, ही आपली तक्रार. भर पावसात गाडी आत अडकली, त्याचा मनस्ताप समजतो. पण जोर न वाढवण्याचा त्याचा निर्णय योग्यच होता आणि मी त्याच्या पाठीशी आहे.

दोरी ओढली की मोटर जिच्यामार्फत दार ओढते ती रेलवरची ट्रॉली दारापासून सुटते. मग दाराचे वजन पेलते ती स्प्रिंग. ती ठीक असेल तर मोठे दारही एका हाताने उचलते आणि अर्ध्यावर सोडले तर तिथेच थांबते. मोटर बसवली त्या दिवशी हे आपल्यासमोर करून दाखवले होते. दार आणि स्प्रिंग मात्र आपली आधीचीच. साधारण स्प्रिंग १०,००० उघडझापींच्या हिशेबाने बनते. दिवसाला चार वेळा दार वापरले तर सात वर्षेही जात नाहीत. त्यात घर समुद्राजवळ, खाऱ्या हवेने गंज लवकर धरतो. वीज जायच्या आधीपासून मोटर कण्हत होती, हे आपणच सांगितलेत. म्हणजे स्प्रिंग थकली होती आणि तिचे ओझे इतके दिवस मोटर ओढत होती.

जोर वाढवला असता तर दार कदाचित रिमोटवर चाललेही असते. पण खाली येताना काही आड आले तर त्याने लगेच परत वर जायला हवे. दीड इंच जाडीची फळी जमिनीवर आडवी ठेवून आम्ही ते तपासतो. जोर जास्त असला की दार फळीला दाबतच राहते. घरात लहान मुले आहेत. अमेरिकेत दाराखाली सापडून मुले दगावली, म्हणून तिथे १९९३पासून दार उघडणाऱ्या घरगुती मोटरला सेन्सरसारखी जादा सुरक्षा सक्तीची झाली. एवढे माहीत असताना आम्ही जोर वाढवण्याचा स्क्रू फिरवणार नाही, कुणी कितीही रागावले तरी.

बॅटरी बॅकअपबद्दल विचारलेत. जरूर बसवा, पण स्प्रिंग बदलल्यावर. जड दारापुढे बॅटरीही टिकणार नाही.

व्हिजिटचा दर फोनवर आधी सांगितला होता, तो परत करता येणार नाही. स्प्रिंग दुसऱ्या कुणाकडून बदललीत तरी हरकत नाही, फक्त स्वतः हात घालू नका. तिच्यात ताण भयंकर असतो. नंतर दाराचा तोल आणि मोटरचे सेटिंग आम्ही येऊन विनामूल्य बघू.

तोवर दार वर असताना लाल दोरी ओढू नका, ते एकदम खाली कोसळेल. दार बंद असतानाच ओढा आणि आधी मोटरचा प्लग काढा, नाहीतर वीज परत आल्यावर कुणी रिमोट दाबला तर मोटर मध्येच सुरू होईल.