गटात माझ्या मुलीबद्दल बोलतात का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

सहकाऱ्यांसाठी आधारगट चालवणाऱ्या थेरपिस्टवरच्या माझ्या लेखावर तुम्ही परखड लिहिलंत. दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. पुणे, नाशिक आणि मुंबईतल्या तिघीजणींची ओळख मी त्यात करून दिली होती. स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून या तिघी महिन्यातून एकदा आपल्याच क्षेत्रातल्या समुपदेशकांचा गट घेतात. त्यावर सरांचं म्हणणं असं: ज्यांना स्वतःचंच ओझं पेलत नाही ते दुसऱ्याचं काय पेलणार? माझी मुलगी एका थेरपिस्टकडे जाते, तिने विश्वासाने सांगितलेलं हे लोक चहा पिता पिता चघळतात का? तिघींची नावं का लपवली? आणि एकूणच हे पुण्या-मुंबईचे चोचले आहेत.

मुलीचा प्रश्न आधी घेते. बाकीचे मतभेदाचे मुद्दे आहेत, हा बापाचा प्रश्न आहे.

हो, गटात केसबद्दल बोललं जातं. पण कसं, ते बघा. नाव येत नाही, गाव येत नाही, नोकरी, जात, शिक्षण यातलं गरजेपुरतंच आणि तेही बदलून येतं. मी बसले होते त्या एका गटात एक समुपदेशक मुलगी आपल्या क्लायंटची केस मांडताना म्हणाली, "वडील तिथल्या पतसंस्थेचे चेअरमन आहेत." गट घेणाऱ्या ताईंनी तिला तिथेच थांबवलं. "चेअरमन कशाला हवं? वडिलांना गावात मान आहे, एवढं पुरे." मग सगळ्यांकडे बघून विचारलं, "कोणाला ओळख लागली का? लागली असेल तर आत्ताच सांगा, आपण ही केस सोडून देऊ." कुणाला लागली नव्हती, तेव्हाच पुढे बोलणं झालं. रेकॉर्डिंग नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर केसचा एक शब्द नाही. आपलं महाराष्ट्र केवढं लहान आहे, हे तुम्हाला सांगायला नको. आडनाव कळलं की तालुका कळतो आणि तालुका कळला की कुणाच्या तरी मावशीचं घर निघतंच. म्हणून ही काळजी.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने मानसिक आजारावर उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन घातलेलं आहे. जीवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, असे मोजके अपवाद त्यात आहेत. 'गटात सगळे आपलेच आहेत' हा त्यातला अपवाद नाही, आणि चांगल्या गटप्रमुखाला ते पक्कं ठाऊक असतं. चांगला थेरपिस्ट तर पहिल्याच भेटीत सांगतो की माझ्या कामाबद्दल मी वरिष्ठांशी आणि सहकाऱ्यांशी बोलतो, तुमची ओळख न देता.

आता त्या गटात नेमकं चालतं काय? ही पद्धत पुण्यात जन्मलेली नाही आणि कालपरवाचीही नाही. मायकेल बालिंट हे मूळचे बुडापेस्टचे मनोविश्लेषक, स्वतः एका जनरल प्रॅक्टिशनरचा मुलगा. १९५० च्या सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी आणि पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या एनिड बालिंट यांनी साध्या फॅमिली डॉक्टरांना दर आठवड्याला एकत्र बसवायला सुरुवात केली. रोगाची चर्चा करायला वैद्यकीय परिषदा होत्याच. इथे बोलायचं ते डॉक्टर आणि पेशंट यांच्यात काय घडतंय यावर. कुठला पेशंट दारात दिसला की कपाळाला आठी पडते, कुणासाठी आपण नियम मोडतो, कुणाला टाळतो. डॉक्टर हेही एक औषधच आहे, त्याचा डोस आणि दुष्परिणाम कुणी तपासत नाही, असं बालिंट यांचं म्हणणं होतं.

आजही बालिंट गटात केस मांडणारा कागद न बघता बोलतो. मग खुर्ची थोडी मागे घेतो आणि गप्प बसतो. बाकीचे त्या केसबद्दल बोलतात आणि तो फक्त ऐकतो. सल्ले द्यायचे नसतात. "मला त्या बाईचा राग आला", "मला तिचा नवरा एकटा वाटला", असं बोलायचं. दिसायला हे सोपं आहे. पण आपल्याकडे चार माणसं जमली आणि सल्ला दिला नाही, असं कधी झालंय? गट घेणाऱ्याचं निम्मं कौशल्य तो सल्ला अडवण्यात खर्ची पडतं.

दुसरं एक उदाहरण सांगते, ओळख पुसून. एका समुपदेशक मुलीच्या क्लायंटने आत्महत्या केली. या व्यवसायात याहून जड काही नाही. ती गटात आली तेव्हा सगळे एकदम सरसावले, "तुझी काही चूक नाही गं." नाशिकच्या ताईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "धीर नंतर द्या. तिला आधी बोलू द्या." ती बोलली. पुष्कळ वेळ बोलली. शेवटची भेट, त्यातलं एकेक वाक्य, नंतर न आलेला फोन. मग तिने विचारलं, "तेराव्याला जाऊ का?"

सर, हा प्रश्न कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. आपल्याकडे माणूस गेलं की जायचं असतं, न जाणं हा अपमान. पण ती तिथे जाऊन सांगणार काय, मी कोण म्हणून? त्या माणसाने घरी कुणालाच सांगितलं नव्हतं की आपण थेरपीला जातो. माणूस गेला म्हणून त्याची गोपनीयता जात नाही. ताईंनी उत्तर दिलं नाही. गेलीस तर काय होईल, नाही गेलीस तर तुझ्या मनाचं काय होईल, घरच्यांनी शोधत फोन केला तर काय बोलशील, हे एकेक करून तिच्याबरोबर तपासलं. नोंदी आहेत तशाच ठेव, आता एक अक्षरही बदलू नकोस, हे मात्र स्पष्ट बजावलं. आणि पुढचे काही आठवडे तिच्या बाकीच्या क्लायंटची जबाबदारी कोण वाटून घेईल ते तिथेच ठरलं. ती गेली नाही. कसं निभावलं ते इथे लिहिणार नाही, पण ती आज काम करते आहे, आणि तिच्याकडे येणारी माणसं सुरक्षित आहेत.

तुमच्या पहिल्या आक्षेपाला माझं उत्तर इथेच आहे. ही मुलगी गटात आली म्हणून मी तिच्याकडे निर्धास्तपणे माणूस पाठवीन. मला भीती वाटते ती कुणाशीच न बोलणाऱ्या थेरपिस्टची. अशा माणसाचा तोल एका दिवसात जात नाही. एका क्लायंटला दहा मिनिटं जास्त, मग रात्रीचे फोन, मग 'तुझ्या घरच्यांपेक्षा मीच तुला समजून घेते' अशी भाषा. आतून ते प्रेमळच वाटतं. बाहेरचं कुणीतरी लागतं "हे काय चाललंय?" असं विचारायला. आणि स्वतः मोडलेला माणूस दुसऱ्याला आधार देऊ शकत नाही म्हणाल, तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र बघा. १९८६ पासून तिथे व्यसनातून बाहेर आलेली कितीतरी माणसं समुपदेशक म्हणून उभी राहिली.

तुमचा रोख जिथे बरोबर आहे, तेही लिहिते. काही गट बिघडतात. एकमेकांची पाठ थोपटण्याचे अड्डे होतात, किंवा क्लायंट एकमेकांकडे पाठवण्याची सोय. काही गटप्रमुखांचे गुरू होतात. जो गटप्रमुख सगळ्यांत जास्त बोलतो त्याच्या गटात मी जाणार नाही आणि कुणाला पाठवणारही नाही. शिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, पण 'समुपदेशक' अशी पाटी आजही कुणीही लावताना दिसतं. त्यामुळे गटात बसतो एवढ्याने कुणी पात्र ठरत नाही. शिक्षण वेगळं विचारायलाच हवं.

नावं दिली नाहीत, कारण तिघींनी तशी अट घातली होती. त्यांचे क्लायंट हा ब्लॉग वाचतात. आपली थेरपिस्ट कुठल्या गटात बसते हे कुणी ताडून बघू नये, एवढाच हेतू.

चोचल्यांबद्दल मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पडत नव्हता. ही कमतरता लहान गावात काम करणाऱ्याच्या अंगावर येते. मुंबईच्या ताईंच्या ऑनलाइन गटात तालुक्याच्या शाळेतली एक समुपदेशक आहे. वर्गातल्या मुलीने घरातल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, की मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक. आरोपी गावातला वजनदार माणूस, मुख्याध्यापक म्हणतात "जरा थांबा", आणि ही तिथे एकटी. तिने कळवलं. पोलीस ठाण्यात जाण्याच्या आदल्या रात्री गटातल्या दोघी तिच्याशी फोनवर बोलत होत्या. याची गरज पुण्यापेक्षा तिला जास्त आहे.

राहिली तुमची मुलगी. तिच्या थेरपिस्टला विचारण्यासारखे प्रश्न असे: तुमचं शिक्षण आणि नोंदणी काय? तुमच्या कामावर देखरेख कोणाची? सहकाऱ्यांच्या गटात जाता का, माझ्याबद्दल तिथे काय सांगता, आणि माझी केस मांडू नका म्हटलं तर चालेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "चालेल" असंच यायला हवं. पण सर, फोन तुम्ही करू नका. ती सज्ञान आहे, आणि तुम्ही विचारलंत तर ती थेरपिस्ट तुमची मुलगी आपल्याकडे येते की नाही हेसुद्धा सांगणार नाही. प्रश्न मुलीला द्या, विचारायचे की नाही ते तिला ठरवू द्या. तिने विचारले आणि उत्तर गोलमाल आलं, तर मला ईमेल करायला सांगा. दुसरी नावं मी तिला देईन.